पिवळ्या हौदाची माती

मुरली गेल्याची बातमी आली तेव्हा मी संगमनेरला स्टेजवर उभा होतो आणि निवृत्त होणाऱ्या एका मुख्याध्यापकांना रडवत होतो. हे माझं कामच आहे. सत्कार, एकसष्ट्या, निरोप समारंभ, शोकसभा... नगर जिल्ह्यात माइक जिथं, तिथं मी. खिशात फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, पाच वेळा. मला वाटलं, पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण असेल. शाल-श्रीफळ उरकून पडद्यामागं आलो, फोन लावला, तर पलीकडून माझ्या बायकोचा, शैलाचा, नुसता श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "मुरलीभाऊजी गेले हो," आणि जी रडायला लागली ती थांबेचना. खर्ड्याजवळ एका शेतात मातीचे नमुने घेता घेता तो बांधावर टेकला आणि उठलाच नाही, एवढं तुटक तुटक कळलं. आता खरं सांगायला हरकत नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी गेल्यावर ही इतकी रडेल का? मित्र गेला हा विचार दुसरा. तो आला तेव्हा मी तिथंच खुर्च्यांच्या थप्पीवर बसलो. पण त्याचा नंबर दुसरा होता, हे कबूल करून मगच पुढं लिहितो.

मुरलीधर गाडेकर हे नाव फार जणांना माहीत असण्याचं कारण नाही. तो माती तपासायचा. आधी शेतकऱ्यांची, मग शहरात जुन्या जागा पाडून नव्या इमारती उठायला लागल्या तेव्हा त्या जागांची. इमारतीचं वजन पेलेल का, हे बघणारे वेगळे. मुरली बघायचा की त्या जमिनीच्या पोटात आधीच्या लोकांनी काय ओतून ठेवलंय. आमची गाठ कॉलेजात पडली. तो पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचा, मी नगरच्या एका जुन्या कंपाउंडातला, दोघंही रसायनशास्त्राच्या वर्गात. मी वर्ग हसवायचो, तो प्रयोगवहीत लिहायचा. होस्टेलची मेस रविवारी रात्री बंद असायची म्हणून मी त्याला घरी जेवायला आणला. ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. आमच्या आईनं त्याच्याकडं एकदा बघितलं, तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि मला म्हणाली, "बघ, जेवताना माणूस कसा गप्प जेवतो." पुढची तीस वर्षं मी हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत ऐकलं.

त्याच रविवारी मी त्याला माझी हुकमी गोष्ट सांगितली. ती इथं थोडक्यात सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या कंपाउंडाच्या मागच्या अंगाला एका शेटजींचा छोटा कारखाना होता. सायकलच्या घंट्या, हँडलं, नळाच्या तोट्या यांना तिथं चकचकीत मुलामा चढवायचे. वापरून झालेलं पाणी जमिनीत बांधलेल्या एका हौदात सोडायचे, आणि ते पाणी पिवळं, अगदी हळदीसारखं. मी सात-आठ वर्षांचा असेन. आमच्या शेजारच्या जैबूनचाचींची पांढरीशुभ्र मांजर एक दिवस त्या हौदात पडली आणि नखशिखांत पिवळी होऊन बाहेर आली. नेमकी त्या दिवशी नळकोंडाळ्यापाशी मांडव घालून एका मुलीची हळद चालली होती. मांजर हौदापासून निघाली ती ऐटीत, शेपटी वर, मी मागोमाग मोजलेली सोळा पावलं चालत थेट मांडवात आणि नवरीच्या पाटावर जाऊन बसली. बँडवाल्याची फुंक अडकली. करवल्या हळदीची वाटी घेऊन उभ्याच. नवरीच्या आधी मांजरीला हळद लागली... ही गोष्ट मी तीस वर्षं सांगतोय. स्टेजवर सांगताना मी ती सोळा पावलं मांजरीसारखी चालून दाखवतो आणि सोळाव्या पावलावर टाळी पडते. त्या रविवारी आई हसली, चाची हसल्या, शेजारच्या खोल्यांतून लोक हसले. मुरली हसला नाही. त्यानं घास गिळला आणि विचारलं, "मांजर पुढं जगली का?"

मला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. गोष्टीची पार वाट लावून हा गडी कालवणात भाकरी चुरत बसला, आणि त्या दिवसापासून मी त्याचा हेवा करायला लागलो. माझं सगळं आयुष्य लोकांना माझ्याकडं बघायला लावण्यात गेलं. मुरलीकडं लोक आपणहून वळायचे. तो बोलायला लागला की शैलाचे डाळ निवडणारे हात थांबायचे. माझ्या बोलण्यात तिनं आजवर किती डाळ निवडली असेल, हे धान्यबाजारात विचारा. शेतकरी त्याला वांगी आणून द्यायचे, ज्या बिल्डरांचं काम त्यानं लांबवलं ते पोरीच्या लग्नाला बोलवायचे. एकदा मी त्याला विचारलं होतं, "तू लोकांवर काय करणी करतोस रे?" तर म्हणाला, "मी काय करनार? इचारतो आन् गप बसतो." एवढंच, म्हणे. मला या दोन्हींपैकी एकही गोष्ट कधी जमलेली नाही.

मग आमच्या कंपाउंडाच्या पुनर्विकासाचं ठरलं. कारखाना कधीच बंद पडलेला, शेटजी गेलेले, पत्रे उतरवलेले, हौदावर कुणी केव्हा माती लोटली तेही कुणाला आठवत नव्हतं. खोल्यांची छपरं मात्र गळत होती. आईला गुडघ्यांमुळं सार्वजनिक संडासापर्यंत चालवत नव्हतं आणि तिला एकच हवं होतं, घरातल्या घरात संडास आणि एक खिडकी. त्यातच आमची मुलगी बाळंतपणाला यायची होती. मी रहिवासी संघाचा सेक्रेटरी. स्वतःच्या हक्काच्या घराची इतकी घाई मला कधीच झाली नव्हती. बिल्डर बरा होता, पण त्याच्या भागीदारानं अट घातली की इथं पूर्वी कारखाना होता तेव्हा आधी माती तपासा. कोण तपासणार? मुरली गाडेकर. मी म्हटलं, घरचंच काम झालं.

आता आम्ही काय केलं ते ऐका. आपल्याकडं कुणी बघायला येणार म्हटलं की घर आवरतात. मुलगी बघायला येवोत, शाळा तपासायला येवोत, पालखी येवो. माती बघायला माणूस येणार म्हटल्यावर संघाच्या बैठकीत सर्वानुमते ठरलं की कंपाउंड नीट दिसलं पाहिजे. दोन टेम्पो ताजा मुरूम आणला, मागच्या सगळ्या उकिरड्यावर पसरला, पाणी मारून धुमसला. बायकांनी वर सडा टाकला. हौसेनं कुणीतरी रांगोळी काढली. मी स्वतः उभा राहून करून घेतलं आणि खरोखर छान दिसत होतं. सकाळी मुरली आला. खांद्यावर त्याचं ते लांब दांड्याचं लोखंडी गिरमिट, पिशवीत रिकाम्या बरण्या. रांगोळीपाशी थबकला, चपला काढल्या, खाली बसून चिमूटभर मुरूम बोटांत चोळला आणि माझ्याकडं मान वर करून बघितलं.

"नंदू, ह्यो मुरूम कालचा हाय."

"जागा स्वच्छ नको का?"

"आजारी मानसाला डॉक्टरकडं नेताना तोंडाला पावडर लावत्यात व्हय रे?"

भोवती जमलेले सगळे हसले. माझ्या कंपाउंडात, माझ्या माणसांत, हशा त्यानं घेतला. मी तो हशा अजून विसरलेलो नाही.

त्यानं गिरमिट भिंतीला टेकवून ठेवलं आणि नकाशावर आखून आणलेल्या चौकोनांकडं ढुंकूनही न बघता आमच्या मागच्या दाराच्या पायरीवर, आईशेजारी जाऊन बसला. कामाची त्याची रीतच तशी होती, हे मला नंतर कळलं. आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायचं की इथं कुठं काय उगवत नाही, कोंबड्या कुठं उकरत नाहीत, कुठं पाय खाजतात. शैलानं त्याला चहा दिला. त्यानं आईला विचारलं, "आई, तुमची तुळस कशी हाय?" एवढं विचारलं आणि गप्प बसला. आईचा चेहरा पडला. आमच्या मागच्या दाराशी तुळस जगत नसे. दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी आई नवं रोप लावायची, वृंदावनात कोपऱ्यातली माती उकरून भरायची, आणि दोन-तीन महिन्यांत रोप खालून काळं पडायचं. हे मला माहीत होतं, पण यामागं घरात काय चाललं होतं ते मला त्या दिवशी, त्या पायरीवर कळलं. आई म्हणाली, "मी हिलाच बोलायची रे. म्हटलं, ही पाळत नसेल, नको त्या दिवसांत पाणी घालत असेल. वीस वर्षं बोलले."

शैला दारात उभी होती. वीस वर्षं हे बोलणं तिनं ऐकलं, आणि मी तिचा नवरा, हजार लोकांपुढं बोलणारा, घरात त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. मला ऐकूच आलं नव्हतं. मुरलीनं चहा संपवला, वृंदावनातली मूठभर माती एका बरणीत घातली आणि म्हणाला, "वहिनी, ही कशानं मरती ते बघू आपन."

संध्याकाळी तो चाचींकडं जाऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आला आणि मला अंगणात बोलावलं. "नंदू, ती मांजरीची गोष्ट सांग."

मला खरंच वाटेना. तीस वर्षांत या माणसानं माझ्याकडं एक गोष्ट मागितली नव्हती. मी घसा साफ केला. कंपाउंडातली माणसं दात घासत, बादल्या घेऊन गोळा झाली. मी हौद उभा केला, मांडव उभा केला, करवल्या उभ्या केल्या. मी इतका रंगलो की चाचीसुद्धा खोकत खोकत हसल्या. सोळा पावलं चालायची वेळ आली तेव्हा मुरली म्हणाला, "थांब. आज उलटी चाल. मांडवापासनं हौदाकडं." नळकोंडाळं अजून जागेवर होतं. मी तिथून निघालो. "असं न्हाई, तवा तू केवढा हुतास? बारीक पावलं टाक." मी सात वर्षांचा झालो. बारीक पावलं टाकत, शेपटी असल्यासारखी कंबर हलवत, लोकांच्या टाळ्यांच्या तालावर निघालो, आणि सोळाव्या पावलावर नेहमीसारखे दोन्ही हात पसरून उभा राहिलो. टाळी पडली. मुरली सावकाश आला, मला हातानं जरा बाजूला केलं आणि मी उभा होतो तिथंच त्यानं गिरमिट रोवलं.

आधी आमचा मुरूम निघाला. मग काळी माती, विटांचा चुरा. मग पुरुषभर खोलीवरून गिरमिटाच्या पात्याला चिकटून जे वर आलं ते हिरवट पिवळं होतं. नव्या नकाशात त्याच कोपऱ्यात लहान मुलांची बाग होती, घसरगुंडी आणि वाळूचा चौकोन, आणि शेजारी बोअर. जैबूनचाची काठी टेकत पुढं आल्या, वाकून ते बघितलं आणि म्हणाल्या, "हाच तो रंग. काल मुरलीला सांगितलं मी. आठ दिवस जगली बेटा माझी मांजर. अंग चाटत बसायची... नंदूला काय सांगणार, सगळे एवढे हसायचे."

मग जे व्हायचं ते झालं. पुण्याहून तपासणीचे कागद आले. मुलाम्याच्या कामातलं क्रोमियम, वृंदावनातही तेच. मुरलीनं लिहून दिलं की ही माती उकरून काढून, घातक कचऱ्याच्या राखीव जागी नेऊन टाकल्याशिवाय इथं पाया घेऊ नये, आणि बोअर तर नाहीच. खोल्या रिकाम्या करून सगळे भाड्यानं राहायला गेले आणि काम लांबलं. बैठकीत लोक मला म्हणाले, "सेक्रेटरी, मित्र तुमचा, गोष्टही तुमची, आता भाड्याच्या घरात आम्ही राहायचं." मी मुरलीशी बोलणं सोडलं. मुलगी बाळंत झाली ती भाड्याच्या दोन खोल्यांत, आई तिथल्या जिन्यावर दोनदा पडली. अशात बिल्डरच्या ऑफिसातून एक पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की सदर जागेत कोणताही हौद असल्याचं रहिवाशांना स्मरत नाही, जे सापडलं ते बाहेरून आणलेल्या भरावातलं असावं. सेक्रेटरीची सही झाली की दुसऱ्याकडून नव्यानं तपासून काम सुरू. ते पत्र दोन दिवस टेबलावर होतं. आईच्या गुडघ्याकडं बघितलं की पेन उचलावंसं वाटे. खरं सांगतो, मी उचललंही होतं.

शैला पाळण्यातल्या नातीला थोपटत होती. ती म्हणाली, "करा सही. फक्त ती मांजरीची गोष्ट आजपासून कुठं सांगायची नाही. हौदच नव्हता म्हटल्यावर मांजर पडली कशात?"

मी पेन खाली ठेवलं. लोक याला सचोटी म्हणतात, मुरलीच्या शोकसभेत एकानं तसं म्हटलंही, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ती सचोटी नव्हती. माझ्याजवळ तीस वर्षांत टिकलेली तेवढी एक गोष्ट होती, ती मला सोडवेना. कारण काही का असेना, पत्र तसंच परत गेलं आणि माती उकरायला डंपर आले. उकरायचं काम चालू असताना आई एकदा हट्टानं रिक्षा करून बघायला गेली. परत आली, शैलाजवळ बसली आणि म्हणाली, "तुळस तुझ्यामुळं नव्हती गं मरत." शैला म्हणाली, "माहीत होतं आई." त्या दिवसानंतर या घरात मुरलीभाऊजींपुढं माझा निभाव लागणार नव्हता, हे मी ओळखलं. मी तिला कितीदा गजरे आणले, साड्या आणल्या, स्टेजवरून तिच्या नावानं विनोद केले. त्यानं चार बरण्या माती भरली आणि वीस वर्षांचा बोल उतरवला. आता अशा माणसाचा हेवा करायचा नाही तर काय करायचं?

घरं झाली. वास्तुशांतीला मुरली आला तो सगळे जेवून उठल्यावर. मी अजून तोंड फुगवून होतो. त्यानं घर बघितलं नाही, थेट खाली बागेत गेला, वाळूच्या चौकोनाशी उकिडवा बसला, मूठभर वाळू हुंगली, मग वर येऊन आईपुढं एक सिमेंटची जुनी गोणी ठेवली. आत त्याच्या तिसगावच्या शेतातली माती. "तुळशीला," म्हणाला. आईनं त्याला ताजी पुरी तळून घातली. मी दुपारी निवलेल्या पुऱ्या खाल्ल्या होत्या. तुळस गॅलरीत आता माझ्या कमरेएवढी झाली आहे. आमची नात तेव्हा दुडूदुडू चालायला लागली होती. खाली बागेत सोडली की पहिली मूठ सरळ तोंडात. एकदा शैला धावली, मीही धावलो, तिच्या तोंडात बोट घालून माती काढली, आणि दोघंही एकमेकांकडं न बघता तिथंच वाळूत बसलो. नात मात्र परत मूठ भरत होती. त्या संध्याकाळी मी मुरलीला फोन केला. एवढ्या महिन्यांनी. म्हटलं, "काय करतोस?" तो म्हणाला, "तुझ्या फोनची वाट बघतो." असा माणूस. भांडणातसुद्धा पुढं.

त्याच्या शोकसभेत मी बोलायचं हे ठरलेलंच होतं. मी पानंच्या पानं लिहून नेली होती, रडवायच्या जागा नेमून ठेवल्या होत्या. तिसगावात देवळापुढं पटांगणात सभा होती. माझ्या आधी एक म्हातारा उठला, म्हणाला, "माझ्या हिरीचं पानी प्यायचं न्हाई आसं त्यो म्हनला, म्हनून माजी नातवंडं हायेत," आणि खाली बसला. मग एक बाई उठल्या. मग एक बिल्डर. कुणी दोन वाक्यांच्या वर बोललं नाही. माझी पाळी आली तेव्हा लिहिलेलं काहीच उपयोगाचं राहिलं नव्हतं. मी माइक धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचलं नाही. म्हटलं, "मी याला लई हसवायला बघितलं," आणि खाली उतरलो.

निघताना त्याच्या बायकोनं, कांतावहिनींनी, मला आत बोलावलं. त्याची कामाची खोली, फळ्यांवर ओळीनं बरण्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. त्यातली एक त्यांनी माझ्या हातात दिली. "ही तुमच्यासाठी म्हणून बाजूला ठेवायला सांगितली होती. उघडू नका म्हणाले होते." काचेची बरणी, झाकण मेणानं बंद केलेलं, आत हिरवट पिवळी माती. वर मुरलीच्या बारीक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली... नंदूची गोष्ट. मांडवापासून सोळा पावलं. गोष्ट खरी.

माझ्याकडं मानपत्रं आहेत, सन्मानचिन्हं आहेत, शाली तर इतक्या की शैला त्यांची पांघरुणं करते. ती सगळी आता बेडखालच्या कप्प्यात गेली. काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, कुलपात, ही एकच बरणी आहे. आई म्हणते विष घरात कशाला. मी म्हणतो, मित्र आहे, राहू दे.

नात आता तीन वर्षांची आहे, दिवसभर आमच्याकडंच असते. रोज दुपारी झोपायच्या आधी तिला गोष्ट लागते, आणि तिला हीच लागते. मी हौद उभा करतो, मांडव उभा करतो, पलंगापासून कपाटापर्यंत सोळा बारीक पावलं टाकतो, हात पसरतो. जिल्ह्यातली कुठलीही सभा इथं टाळी देते. ही देत नाही. ही अंगठा तोंडातून काढते, माझ्या डोक्यावरून मागं त्या बरणीकडं बघते आणि विचारते, "मग माऊचं काय झालं?" मीही वळून तिकडंच बघतो. गोष्ट माझी, पावलं माझी, घर माझं... आणि शेवटचं वाक्य तेवढं या मुरलीनं स्वतःकडं ठेवून घेतलंय.